उसना फॉरवर्ड

मिरजेत लोको शेडच्या मागं
रुळांचे तुकडे पुरून गोलपोस्ट केले होते.
चेंडू खांबाला लागला की ठण्ण आवाज
पार तीन नंबरच्या फलाटापर्यंत जायचा.
तिथं दस्तगीर बारगीर वाढला.
मी उजवीकडून चेंडू टाकायचो, तो पोचायचा,
बहुतेक वेळा चेंडूच्या आधीच.

अर्धं पाऊल पुढं, हाच त्याचा आजार.
लाइन्समनचं निशाण वर गेलं की
त्याच्याकडं असा बघायचा, जणू कुणी
पहिल्या घासाला ताट ओढून घेतलं.

आमचा संघ जिल्ह्याच्या दुसऱ्या गटातला.
म्हणजे पंच उशिरा यायचे,
पट्टे चुन्याऐवजी राखेनं मारलेले,
आणि मध्यंतराला लिंबू, माणशी अर्धं.

शेजारणीकडं वाटीभर साखर मागावी
तसं त्याला लोक मागून न्यायचे.
सांगलीच्या गणपती पेठेनं नेला दोन मोसम,
बदल्यात एक जाळी अन् बुटांचे तीन जोड,
त्यातला एक दोन्ही डाव्या पायांचा.
गडहिंग्लजला चौदा गोल मारले,
तिथल्या खानावळीची उधारी अजून आहे म्हणतो.
कोल्हापुरात एका मोठ्या तालमीनं
अख्खा हिवाळा बाकावर बसवला,
शेवटच्या सामन्यात अकरा मिनिटं दिली.
एकदाच चेंडू पायाशी आला.
आडव्या खांबाला लागला.
हजारो माणसं एकदम ‘आ’ म्हणाली.
त्या ‘आ’वर तो पुढची वीस वर्षं जगला,
असं मी म्हणतो.
तो म्हणतो, मला ऐकूच आलं नाही.

उसनी साखर परत करताना
वाटी शिगोशीग भरून देतात.
दस्तगीर परत यायचा तो दर वेळी
थोडा कमी. एकदा घोट्यानं,
एकदा तर गुडघ्याची वाटीच सरकलेली.

आता मार्केट यार्डात हळदीची पोती मोजतो.

वही माझ्याकडं आहे.
पार्सल ऑफिसातल्या जुन्या पावतीबुकाच्या
कोऱ्या पाठीवर सगळं लिहिलंय:
तारीख, गाव, मिनिट, कुठल्या पायानं.
एकूण एकशे तेरा.

परवा जेवणं झाल्यावर तो आला.
सायकल भिंतीला टेकवली,
सुनेनं चहा ठेवला, तोवर गप्प.
मग म्हणाला, “वही काढ. तासगाव.”
मला वाटलं, राहिलेला एखादा सांगणार.
वय झालं की माणसं वाढवतातच.
“दुसरा खोड. हात लागला होता.”

मला माहीत होतं.
चेंडू माझाच होता.
मनगटाला घासून आत गेला,
तो धावत माझ्याकडं आला
अन् मी त्याला उचलला होता.
पस्तीस वर्षं झाली,
अजून खाली ठेवला नव्हता.

“बॉलपेननं लिहिलंय,” मी म्हटलं,
“खोडलं तर कागद फाटेल.
मागच्या बाजूला वाळव्याचे दोन आहेत.”
तो विचारात पडला.
वाळव्याचे दोन्ही चांगले होते,
एक तर डोक्यानं, कपाळ फुटलेलं असताना.

चष्मा पुसला. ओळ शोधून बोट ठेवलं.
“मग शेजारी लिही. हात.”

लिहिलं.
बोट होतं तिथं पिवळं उमटलं.
सून म्हणाली, काय कढी सांडली का वहीवर?

बशीत चहा ओतता ओतता त्यानं विचारलं,
“अन् ऑफसाइड दिलेले?
ते कुणी मोजलेत?”

शेडकडं डबे जोडल्याचा दणका झाला.
मी पानं चाळायला लागलो, उगाच.
बशीत दोन घोट उरले होते
आणि तो निम्मा उठलेला.